जहांगीर आर्ट गॅलरीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या काळा घोडा भागातल्या जहांगीर आर्ट गॅलरीविषयी सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कला महाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत, शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करणारे पालक आहेत, पहिल्या प्रदर्शनाच्या तयारीतले चित्रकार आहेत आणि घरातल्या कुणा दिवंगत चित्रकाराच्या कामाचा माग काढणारेही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जहांगीर आर्ट गॅलरी कधी सुरू झाली? ती सरकारी आहे का?

उद्‌घाटन २१ जानेवारी १९५२ रोजी झालं. तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. इमारतीचा सगळा खर्च सर कावसजी जहांगीर यांनी दिला आणि ती उभी राहिली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जागेत. त्यामुळे ती म्युझियमचाच एखादा भाग असावी असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही संस्था वेगळ्या आहेत. जहांगीर सरकारी नाही, तिचा कारभार तिची स्वतःची व्यवस्थापन समिती पाहते.

२. हा ‘जहांगीर’ म्हणजे कोण? मुघल बादशहा का?

बादशहाचा काही संबंध नाही. सर कावसजींचा जहांगीर नावाचा मुलगा तरुणपणीच गेला. त्याच्या स्मरणार्थ वडिलांनी ही गॅलरी बांधून शहराला दिली.

घराणं पारशी, मूळचं रेडीमनी आडनावाचं. घराण्यात ‘कावसजी’ आणि ‘जहांगीर’ ही दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून-पालटून येतात, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला नाव आहे ते कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–१८७८) यांचं. गॅलरी देणारे सर कावसजी (१८७९–१९६२) हे त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले, दुसरे बॅरोनेट (हा वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब). ते मुंबई महापालिकेच्या राजकारणात होते, गोलमेज परिषदेलाही गेले होते. गॅलरीत वरच्या मजल्यावर जे ‘हिरजी जहांगीर’ नावाचं दालन आहे, ते नावही याच घरातलं.

३. मग गॅलरी बांधायची कल्पना सर कावसजींचीच का?

पैसा त्यांचा होता, पण त्यांच्यामागे लकडा लावणारे दुसरे होते. यात दोन नावं नेहमी घेतली जातात. एक चित्रकार के. के. हेब्बर आणि दुसरे होमी भाभा. भाभा म्हणजे तेच, अणुशास्त्रज्ञ. ते स्वतः उत्तम रेखाटनं करत आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेऊन एक मोठा संग्रह उभा केला. तिसरं नाव केकू गांधी यांचं. फ्रेम करून देण्याच्या धंद्यातून ते चित्रकारांच्या इतके जवळ गेले की या शहराच्या कलाव्यवहाराचे आधारस्तंभच झाले (प्रश्न १० पाहा).

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मागणी चित्रकारांची होती, आणि ती हक्काच्या भिंतीची होती. संग्रहालय, पुरस्कार, शिष्यवृत्ती असं काही त्यांनी मागितलं नव्हतं. जहांगीरचा पुढचा सगळा स्वभाव या मागणीतून घडला.

४. जहांगीरच्या आधी मुंबईत चित्रप्रदर्शनं कुठे भरायची?

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती आणि तिची वार्षिक प्रदर्शनं गाजत. पण त्यांना पुरेल असं स्वतःचं दालन नव्हतं. कधी टाउन हॉल, कधी सर कावसजी जहांगीर हॉल, अशी सार्वजनिक सभागृहं घ्यावी लागत. तिथे आदल्या दिवशी सभा झालेली असे आणि पुढच्या आठवड्यात आणखी काही असे. चित्रांसाठी उजेड, भिंती, अंतर यांचा विचार करून बांधलेली जागा नव्हती. रॅम्पार्ट रो या रस्त्यावर सोसायटीचं छोटं सलोन, म्हणजे प्रदर्शनाची खोली, होती. जागा लहान, पण तिथे मोठ्या गोष्टी घडल्या (पुढचा प्रश्न पाहा).

५. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना जहांगीरमध्ये झाली, हे खरं का?

ही समजूत फार पसरली आहे, आणि चुकीची आहे. ग्रुप स्थापन झाला १९४७ मध्ये. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्याचे सहा मूळ सदस्य. त्यांचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या त्या सलोनमध्ये भरलं. त्यावेळी जहांगीरची इमारतही नव्हती. ती उघडेपर्यंत सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला गेले होते.

या मंडळींची नावं जहांगीरशी जोडली गेली ती पुढच्या काळात, इथे भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनांमुळे. पण त्यांना घडवणारी जागा म्हणून श्रेय द्यायचं, तर ते आधीच्या त्या छोट्या खोल्यांना, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गांना आणि लँगहॅमर, फॉन लायडेन, श्लेसिंजर या युरोपातून आलेल्या रसिकांच्या दिवाणखान्यांना द्यायला हवं.

६. वास्तुकार कोण? काही ठिकाणी भुता लिहिलेलं असतं, काही ठिकाणी बाजपाई.

दोन्ही नावं एकाच कामाची आहेत. जी. एम. भुता अँड असोसिएट्स ही फर्म, आणि तिच्यासाठी आराखडा करणारे वास्तुकार दुर्गा बाजपाई. प्रकल्पात लिहायचं असेल तर दोन्ही लिहा.

इमारत नीट पाहायची असेल तर रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहा. मागे घुमट घेऊन वास्तुकार जॉर्ज विटेटने आखलेलं म्युझियम उभं आहे. जवळ डेव्हिड ससून लायब्ररी आहे, ओतीव लोखंडाची एस्प्लनेड मॅन्शन आहे. दगड, कमानी, नक्षी यांच्या या गर्दीत जहांगीर काँक्रीटची, बुटकी आणि बिननक्षीची. दारावरचं लाटेसारखं वळणारं छज्जा-छत खांबांचा आधार न दाखवता पुढे येतं आणि फुटपाथवरच्या माणसालाही आपल्या सावलीत घेतं. मुंबईतल्या सुरुवातीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींत तिची गणना होते. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांच्या आत उभी राहिलेली ही इमारत शेजारच्या ब्रिटिश वास्तूंची नक्कल करायला गेली नाही, याचं मला फार मोल वाटतं. तिथे दारावर कुणी पाहऱ्याला असल्याचा धाक वाटत नाही.

७. आत कायमस्वरूपी कोणती चित्रं पाहायला मिळतात?

कोणतीच नाहीत. सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जहांगीर हे संग्रहालय नाही, प्रदर्शनाचं दालन आहे. चित्रकार ठरावीक दिवसांसाठी दालन भाड्याने घेतो, चित्रं लावतो, शेवटच्या दिवशी संध्याकाळी उतरवून घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचं काम असतं. साधारणपणे मंगळवार ते सोमवार असा आठवडा धरला जातो. मुख्य ऑडिटोरियम हॉल, क्रमांकांनी ओळखली जाणारी दालनं आणि वरच्या मजल्यावरची हिरजी जहांगीर व टेरेस ही दालनं, असं एकाच दिवशी पाच-सहा वेगवेगळ्या माणसांचं काम पाहता येतं. प्रवेशाला तिकीट नाही. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७.

म्हणून ‘जहांगीरचा इतिहास’ विचारला की मोठी अडचण होते. म्युझियमचा इतिहास त्याच्या कपाटांत असतो. जहांगीरचा इतिहास दर सोमवारी संध्याकाळी टेम्पोत भरून निघून जातो. सत्तरहून अधिक वर्षं, दर आठवड्याला. जे उरतं ते ब्रोशर, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातली परीक्षणं आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी यांत. या अडचणीवर काय करता येतं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

८. एनजीएमए, सर सी. जे. हॉल, जहांगीर निकल्सन गॅलरी आणि जहांगीर आर्ट गॅलरी हे सगळं एकच का?

चारांत तीन वेगळ्या जागा आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर.

सर कावसजी जहांगीर हॉल, म्हणजेच सर सी. जे. हॉल, १९११ चा, विटेटच्याच आराखड्याचा. तिथे सभा होत, मैफली होत. पुढे त्याची दशा वाईट झाली. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि इतरांनी तो वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, सुरू झालं. ते केंद्र सरकारचं आहे.

जहांगीर निकल्सन (१९१५–२००१) हे कापसाच्या व्यापारातले संग्राहक. आधुनिक भारतीय चित्रांचा त्यांचा संग्रह आता वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत मांडलेला असतो. त्यांचा आणि सर कावसजींच्या मुलाचा संबंध एवढाच की पारशी घरांत जहांगीर हे नाव लाडकं आहे. चित्रकार जहांगीर सबावाला यांच्या बाबतीतही तेच.

९. जहांगीरमध्ये चित्रकाराला चित्रामुळे अटक झाली होती म्हणतात. नक्की काय घडलं?

साल १९५४. गॅलरी उघडून दोन वर्षं झाली होती. अकबर पदमसी पॅरिसहून परतले होते आणि जहांगीरला त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन लागलं होतं. त्यात ‘लव्हर्स’ या नावाची चित्रं होती. एक स्त्री, एक पुरुष, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर. पोलीस आले, चित्रं उतरवा म्हणाले. पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला झाला.

त्यावेळी पदमसी पंचविशीतले होते. चित्रं काढून घेतली असती तर प्रकरण मिटलं असतं, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी कोर्टात उभं राहायचं ठरवलं आणि ते निर्दोष सुटले. हुसेनपासून आजपर्यंत कलाकृतींवर झालेल्या खटल्यांची आणि दडपणांची चर्चा निघते तेव्हा स्वतंत्र भारतातलं हे सुरुवातीचं उदाहरण विसरलं जातं, आणि ते मुंबईत, एका भाड्याच्या दालनात घडलं होतं. मला यातून दिसतं ते असं की सार्वजनिक, बिनतिकिटाच्या जागेत चित्र लावणं म्हणजे ते कुणाच्याही नजरेसमोर ठेवणं. ज्याला आवडेल तो येणार, ज्याला खटकेल तोही येणार. खासगी दिवाणखान्यात हा प्रसंग आलाच नसता. तसाच चित्रकाराचा हक्कही तिथे कधी तपासला गेला नसता.

१०. गॅलरी केमोल्ड आणि जहांगीर यांचा काय संबंध?

केकू गांधींनी १९४१ मध्ये केमोल्ड फ्रेम्स सुरू केलं. फ्रेमच्या दुकानात चित्रकार येत आणि त्यांची चित्रं दुकानाच्या काचेत लागत. १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. खाली भाड्याने मिळणारं सार्वजनिक दालन आणि वर निवड करून चित्रकारांना सातत्याने दाखवणारी, त्यांच्या मागे उभी राहणारी खासगी गॅलरी, अशी ही रचना चार दशकांहून जास्त टिकली.

दोन्हींतला फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायला हवा, कारण जुन्या परीक्षणांत ‘जहांगीर येथे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि प्रदर्शन प्रत्यक्षात केमोल्डचं असू शकतं. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टातच प्रेस्कॉट रोडवर गेली. ती आता ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ म्हणून ओळखली जाते आणि गांधींची कन्या शिरीन ती चालवतात.

११. वारली चित्रकला पहिल्यांदा इथे दाखवली गेली का?

‘जहांगीरमध्ये’ म्हणण्यापेक्षा ‘जहांगीरच्या इमारतीत, केमोल्डमध्ये’ म्हणा. १९७५ मध्ये जिव्या सोमा मशे यांची चित्रं तिथे लागली.

त्याआधीची गोष्ट डहाणू तालुक्यातली. भास्कर कुलकर्णी हे जे. जे.त शिकलेले चित्रकार. बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला त्यांनीच प्रवृत्त केलं होतं. मग ते वारली पाड्यांवर आले. वारल्यांमध्ये लग्नात देवचौक लिहायचं काम सवाशिणींचं. गेरू-शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी. जिव्या मशे पुरुष असून रोज चित्र काढत, लग्नकार्याची वाट न पाहता. कुलकर्णींनी ते ओळखलं, केकू गांधींनी भिंत दिली. पुढे मशेंना पद्मश्री मिळाली, जगभर प्रदर्शनं झाली आणि आज वारली नक्षी कुर्त्यांपासून रेल्वे स्टेशनांच्या भिंतींपर्यंत दिसते.

या प्रसंगाबद्दल मला नेहमी वाटतं की यात कुलकर्णींचं नाव फार लवकर पुसलं गेलं. १९८३ मध्ये ते गेले. वारली चित्रांवर प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याविषयी दोन ओळी तरी लिहाव्यात.

१२. ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शन महत्त्वाचं का मानतात?

१९८१ मध्ये भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन या सहा जणांनी मिळून ते जहांगीरला आणि दिल्लीला भरवलं. समीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी निबंध लिहिला. तोवर अमूर्ततेचा दबदबा होता. या सहा जणांनी माणसं परत चित्रात आणली. रस्त्यावरची, चाळीतली, कामावर जाणारी, नाव-गाव असलेली माणसं.

मराठी वाचकाने यातले पटवर्धन जरूर पाहावेत. ते ठाण्यात डॉक्टरी करत होते, क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून. लोकलचे पूल, इराण्याची हॉटेलं, गिरण्यांच्या आसपासची वस्ती हे त्यांचे विषय. ज्या लोकांची चित्रं, तेच लोक चर्चगेटहून चालत येऊन, तिकीट न काढता ती चित्रं पाहू शकत होते. या विषयाला या दालनाइतकी योग्य जागा मुंबईत दुसरी नव्हती.

१३. हुसेननी रिकाम्या हॉलचं प्रदर्शन केलं होतं का?

१९९२ चं ‘श्वेतांबरी’. दालनं पांढऱ्या कापडाने वेढलेली होती, जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे पसरलेले होते आणि भिंतीवर चित्र नव्हतं. भारतातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रकाराची चित्रं पाहायला आलेले लोक गोंधळले, काही रागावले.

त्याच वर्षी, त्याच इमारतीत, वर केमोल्डमध्ये नलिनी मलानींनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ केलं. त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसून भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या गेल्या. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीमुळे नष्ट होत होती, तो संदर्भ त्यामागे होता. विकता येईल असं काहीच उरलं नाही. चित्र म्हणजे फ्रेममधली विक्रीची वस्तू हे समीकरण एका वर्षात एकाच छताखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या कलावंतांनी मोडलं. बाराच महिन्यांत शहरही पुरतं बदलून गेलं, डिसेंबरमध्ये दंगली सुरू झाल्या.

१४. समोवार कॅफे कुठे गेला?

३१ मार्च २०१५ ला बंद झाला. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये तो सुरू केला होता. गॅलरीच्या बाजूच्या अरुंद व्हरांड्यात, म्युझियमच्या हिरवळीकडे तोंड करून. पुदिन्याचा चहा, रोल, पराठे, आणि तासन्‌तास बसलं तरी उठवायला कुणी न येणं, ही त्याची ख्याती. नाटकवाले, पत्रकार, कवी, कोर्टातले वकील, खिशात जेमतेम पैसे असलेले जे. जे.चे विद्यार्थी, सगळे तिथे येत. आत प्रदर्शन लागलेला नवखा चित्रकार दुपारी तिथे टेकायचा आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी नामवंत बसलेला असायचा. जागा गॅलरीची असल्याने शेवटी ती परत द्यावी लागली. पुढच्याच वर्षी समोरचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकानही बंद झालं.

१५. काळा घोडा म्हणतात पण घोडा कुठे आहे? गॅलरीच्या आधीचा की नंतरचा?

मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो राजपुत्र असतानाचा, घोड्यावर बसलेला. १८७९ मध्ये ससून घराण्याच्या देणगीतून उभारलेला. १९६५ मध्ये तो हलवला, आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. म्हणजे गॅलरीची पहिली तेरा वर्षं स्वारासकट घोडा तिथे होता. २०१७ मध्ये बसवलेला नवा घोडा बिनस्वाराचा आहे.

१६. बाहेर फुटपाथवर लावलेली चित्रं गॅलरीचीच असतात का?

नाही. तिथे बसणारे चित्रकार स्वतंत्र आहेत, त्यांची निवड गॅलरीची समिती करत नाही. समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणारेही त्यांत असतात. विकत घेताना पैसे थेट चित्रकाराच्या हातात जातात. आत जाण्याआधी तिथे थांबाच. जे. जे.त शिकलेले कसलेले हात तिथे अनेकदा दिसतात.

१७. मला जहांगीरला शो करायचा आहे. इतकी वर्षं थांबावं का लागतं? आणि शो झाला म्हणजे मान्यता मिळाली असं धरायचं का?

अर्ज करावा लागतो, कामाचे नमुने द्यावे लागतात, समिती निवड करते, मग तारीख मिळते. मागणी इतकी आहे की तारीख कित्येक वर्षांनंतरची असू शकते. ठिकाण मोक्याचं, भाडं खासगी जागांच्या मानाने आवाक्यातलं, आणि नाव सगळ्या देशात माहीत. बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्य कला प्रदर्शन अशी संस्थांची प्रदर्शनंही याच दालनांत भरत आली आहेत, तेव्हा एकल प्रदर्शनांसाठी उरणारे आठवडे आणखी कमी होतात. नुकत्याच शिक्षण संपवलेल्यांनी गॅलरीच्या मान्सून शोकडे लक्ष ठेवावं. तो नवोदितांसाठी असतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर स्पष्टच देतो. जहांगीरला शो होणं म्हणजे मान्यतेचा शिक्का नव्हे. इथे दर आठवड्याला काम बदलतं आणि दर्जाही बदलतो. त्याबद्दल नाकं मुरडणारे मला पटत नाहीत. ज्या भिंतीवर १९५४ मध्ये पदमसी होते, तिथे एखाद्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावातला चित्रकला शिक्षक आयुष्यभराची जलरंग निसर्गचित्रं घेऊन येतो, त्याच्या गावाहून दोन गाड्या भरून माणसं येतात, त्यांतली कित्येक आयुष्यात पहिल्यांदा आर्ट गॅलरीत पाऊल टाकतात. निवडक चित्रकारांच्या मोठ्या खासगी गॅलऱ्या मुंबईत आता बऱ्याच आहेत, आणि त्यांचं काम त्या चोख करतात. गावाकडच्या माणसाला बिचकायला न लावणारं असं दालन मात्र दुसरं दाखवता येणार नाही.

विक्रीची अपेक्षा बेताची ठेवा. चित्राच्या चिठ्ठीवर लाल टिकली (चित्र विकलं गेल्याची खूण) लागली तर आनंदच आहे. पण वहीत अभिप्राय लिहून जाणाऱ्या अनोळखी माणसाशी बोला, नाव-पत्ता घ्या. अनेक चित्रकारांचे आयुष्यभराचे ग्राहक असेच मिळालेले आहेत.

१८. माझ्या आजोबांनी जहांगीरला प्रदर्शन केलं होतं असं घरी सांगतात. घरात एक ब्रोशर आहे, पण त्यावर साल नाही. साल कसं शोधायचं?

असे प्रश्न दर महिन्याला येतात, आणि मला सगळ्यांत जवळचे हेच वाटतात. प्रदर्शन संपलं की सगळं पांगतं (प्रश्न ७), म्हणून घराघरांतल्या ट्रंकांमधले हे कागद हाच त्या दालनाचा खरा दप्तरखाना आहे. ब्रोशरवर ‘मंगळवार दि. अमुक ते सोमवार दि. तमुक’ असं छापलेलं असतं आणि साल नसतं, कारण छापणाऱ्याच्या दृष्टीने ते निमंत्रण होतं.

वार आणि तारीख दोन्ही असतील तर काम निम्मं झालं. तोच वार त्याच तारखेला साधारण ५, ६ किंवा ११ वर्षांनी पुन्हा येतो. जुनी पंचांगं किंवा फोनमधलं कॅलेंडर मागे नेऊन जुळणारी सालं एका कागदावर लिहून काढा. साधारण दहा-अकराच निघतील. मग पत्ता पाहा. ‘बॉम्बे १’ असा नुसता विभाग क्रमांक असेल तर ब्रोशर बहुधा जुनं, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. इंग्रजी मजकुरात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, हे पाहा. सरकारी नाव १९९५ मध्ये बदललं, पण जुनं नाव छापण्याची सवय त्यानंतरही काही काळ राहिली, हे ध्यानात असू द्या. फोन नंबरही उपयोगी पडतो. मुंबईचे लँडलाइन नंबर आठ आकडी झाले ते २००२ मध्ये, आधी २ लावून.

उद्‌घाटकाचं नाव आणि हुद्दा छापला असेल तर ती सर्वांत पक्की खूण. मंत्री, महापौर, जे. जे.चे अधिष्ठाता, कोण कोणत्या वर्षी त्या पदावर होतं हे सहज काढता येतं. चित्राच्या फ्रेमची पाठ उलटून पाहा, फ्रेमवाल्याचं लेबल असेल तर त्यावरही पत्ता आणि फोन असतो. एकदा साल दोन-तीन पर्यायांवर आलं की त्या आठवड्यांची वर्तमानपत्रं मोठ्या ग्रंथालयात चाळा. मराठी दैनिकांत प्रदर्शनांची छोटी बातमी येत असे, कधी छायाचित्रासह.

साल सापडलं की ब्रोशरच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. शाईने नको, आणि सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत ती कागद पिवळा करते. पुढून-मागून स्कॅन करा. ब्रोशर नाहीच मिळालं पण अभिप्रायांची वही असेल, तर ती त्याहून मोलाची. त्यातल्या सह्या नीट वाचा. तारीख अनेकदा अभिप्राय देणाऱ्यानेच घातलेली असते, सालासकट.